तिन्हीसांजेचं इंग्रजी

अवरेकाय बाजारात आली की माझं डोकं ठिकाणावर राहत नाही, हे आमच्या घरात आता सगळ्यांना ठाऊक आहे. सून म्हणते, "आईंचा मोसम सुरू झाला." बेंगळुरात डिसेंबर लागला, पहाटे धुकं उतरायला लागलं, की या शेंगांचे ढीग पडतात. आपल्या मराठीत त्यांना पावटे म्हणावं, तर पावट्याला असा वास कुठला? धुकं पिऊन टच्च भरलेली ती शेंग हाताला चिकट लागते, आणि इथली माणसं घ्यायच्या आधी ती सोलून नव्हे, हुंगून बघतात. यंदाही इंदिरानगरात आमच्या कोपऱ्यावर बसणाऱ्या बाईनं मूठभर शेंगा माझ्या नाकाशी धरल्या. "वास बघा अम्मा, स्वल्प बघा." मी वास घेतला आणि पिशवी तिथंच विसरून घरी आले.

घरी मंजुळा चपात्या लाटत होती. ही आमची स्वयंपाकाची बाई. फोन ओट्यावर डब्याला टेकवून ती इंग्रजी शिकते. फोनमधली बाई मधाळ आवाजात विचारत होती, आज तुम्हाला कशामुळे आनंद झाला? मंजुळानं लाटणं थांबवलं. बराच वेळ ती भिंतीकडे बघत उभी राहिली आणि मग इंग्रजीत म्हणाली, आज माझ्या नवऱ्यानं माझ्यासाठी फुलं आणली. मंजुळाचा नवरा काय लायकीचा आहे ते मला पुरतं माहीत आहे. पण सांगताना तिचा चेहरा असा काही निवळला होता की मी मुकाट्यानं बाहेर येऊन बसले. हातांना अजून शेंगांचा वास येत होता.

हाच प्रश्न मी लहानपणी एका खोलीत रोज ऐकला आहे. त्या खोलीत जे झालं त्याचा अर्थ मला आजही धड लावता येत नाही. मी भुताखेतांवर विश्वास ठेवणारी बाई नव्हे, हे आधीच सांगून टाकते. नंतर कुणी म्हणायला नको.

तेव्हा आम्ही चामराजपेटेत राहत होतो. साठ साल नुकतंच उलटलं होतं. आमचं घराणं तीनशे वर्षांपूर्वी कुणा सरदाराच्या लवाजम्याबरोबर इकडं आलं आणि परत जायचं विसरलं, असं अण्णा म्हणायचे. अण्णा म्हणजे माझे आजोबा. घरातली सुना-नातवंडं, गल्लीतले लोक, दूधवाला, सगळे त्यांना अण्णाच म्हणत. सरकारी कचेरीत त्यांनी उभा जन्म इंग्रजीत टिपणं लिहिली होती. घर छोटंसंच, कौलारू. पुढं दगडी जगली, म्हणजे रस्त्याकडंचा बसायचा ओटा. मागं परसात विहीर. बाकी गल्ली कानडी. आम्ही घरात मराठी बोलायचो तीही अशी, की पुण्याच्या पाहुण्यांना निम्मी कळायची नाही.

इंग्रजीचा वर्ग काढायची कल्पना अण्णांचीच. "काळ बदललाय. घरातल्या बायकांना दोन वाक्यं यायला पाहिजेत," असं म्हणून त्यांनी कँटोन्मेंटकडच्या एका निवृत्त शिक्षिकेला बोलावलं. मिसेस पॉल. काळ्या, उंच, पांढरी साडी, हातात बारा महिने छत्री. त्यांची मातृभाषा तमिळ, कानडी मोडकीतोडकी, मराठीचा तर गंधही नाही. घोड्याच्या जटक्यातून उतरायच्या, छत्री कोपऱ्यात उभी करायच्या आणि सतरंजीवर आमच्याबरोबर मांडी घालून बसायच्या. आम्ही म्हणजे माझी आई, माझी इंदूकाकू, शेजारची सुंदराक्का आणि मी. मी बारा-तेरा वर्षांची असेन. अण्णा स्वतः वर्गात बसायचे नाहीत. जगलीवर खिडकीला पाठ लावून बसायचे. "मी इंग्रजी पोट भरायला शिकलो. त्यात सुखदुःख सांगायला नाही," म्हणायचे.

मिसेस पॉलची पद्धत न्यारी होती. पुस्तक उघडायच्याच नाहीत. आधी प्रत्येकीला विचारायच्या, आज तू कशानं सुखी झालीस? आणि त्यानंतर एखादं रोजच्या जगण्यातलं कोडं घालायच्या. एकानं जांभई दिली की दुसऱ्याला का येते? आपल्याला आपल्याच गुदगुल्या का होत नाहीत? अंधार पडला की माणसं आवाज का खाली आणतात? एकटं माणूस बोलतं ते कुणाशी? उत्तर बरोबर की चूक याच्याशी त्यांना कर्तव्य नव्हतं. इंग्रजीत आलं म्हणजे झालं. ती इंग्रजी वाक्यं मी इथं आपल्या मराठीतच सांगते. आमची मोडतोड दाखवून मला कुणाला हसवायचं नाही.

सुखाचा प्रश्न पहिल्यांदा ऐकला तेव्हा आई लाजून लाल झाली होती. आपल्यात असं कोण विचारतं? "तू सुखी आहेस का" हे मराठीत मी आजवर फक्त भांडणात ऐकलं आहे. सुंदराक्का मात्र पट्टीची. ती म्हणाली, आज सासू देवळात गेली म्हणून मी सुखी आहे. आम्ही पदर तोंडात कोंबून हसलो.

आता त्या वेळेबद्दल सांगायला हवं, कारण सगळं तिथंच फसलं. मिसेस पॉल दुसरीकडची शिकवणी आटपून यायच्या, त्यामुळं आमचा वर्ग भरायचा बरोबर दिवेलागणीला. आमच्या घरात त्या वेळेचे नियम कडक. दारं उघडी ठेवायची, केर काढायचा नाही, आणि तोंडातून अभद्र काही काढायचं नाही. वास्तुपुरुष तिन्हीसांजेला घरभर फिरतो, आणि जे कानावर पडेल त्याला तथास्तु म्हणतो. "मरतो मी अभ्यास करून" असं एकदा मी म्हटलं तर आईनं तोंडावर चापट मारली होती. "शुभ बोल." मेलेल्या माणसाचं नावसुद्धा त्या तासाभरात कुणी घ्यायचं नाही.

आणि आमच्या घरात एक माणूस असा होता, की तो मेलेल्यात धरायचा की जित्यात हेच कुणाला माहीत नव्हतं. श्रीपादकाका. माझ्या बाबांचा धाकटा भाऊ, इंदूकाकूचा नवरा. मी रांगत होते तेव्हाची गोष्ट. त्यांच्या लग्नाला वर्षही झालं नव्हतं. असाच धनुर्मास, असंच धुकं. पहाटे अंघोळ करून काका कापडी पिशवी घेऊन बाजारात अवरेकाय आणायला गेला. धुक्यात चार पावलांवरचं दिसत नव्हतं, असं आई सांगायची. दारातून काकूनं त्याला जाताना बघितलं. आधी डोकं दिसेनासं झालं, शेवटी नुसती पिशवी. तो परत आला नाही. भांडण नाही, देणंघेणं नाही, चिठ्ठी नाही. पोलीस झाले, ज्योतिषी झाले, तंजावरपासून बेळगावपर्यंतच्या नातेवाइकांना पत्रं झाली. काही हाती लागलं नाही. त्यानंतर आमच्या घरात अवरेकाय आली नाही. सगळी गल्ली महिनाभर त्या वासानं भरून जायची आणि आमच्या चुलीवर आपली तूरडाळ.

काकू कुंकू लावत होती, मंगळसूत्र घालत होती. बोलत मात्र फारशी नव्हती. "हो", "बरं", "तुमची मर्जी" एवढ्यावर तिचं मराठी चालायचं. काम डोंगराएवढं करायची. मला तिचा फार लळा होता, आणि थोडी भीतीही वाटायची. उकडत असलं तरी तिचे हात गार असायचे.

वर्गाच्या पहिल्याच आठवड्यात मिसेस पॉलनी तिच्या कपाळाकडं, गळ्याकडं बघून प्रेमानं विचारलं, "आणि तुझा नवरा? तो सुखी आहे ना?"

खोलीत सगळं थांबलं. आईनं माझा हात धरला. समईची वात नुकती पुढं केली होती. आता सांगायचं काय? तो नाही, असं म्हणायचं? त्या वेळी? वास्तुपुरुष उंबऱ्यात उभा असताना? आणि सांगायचं ठरवलं तरी कुणाच्या इंग्रजीत तेवढं बळ होतं? सुंदराक्काला सगळं माहीत होतं, तीही जमिनीकडं बघत राहिली. बाहेर अण्णा होते. त्यांना आलं असतं सांगता. पण तेही आत आले नाहीत.

काकूनं मान जराशी तिरपी केली, शेजारचं कुणी हळू बोलत असलं तर आपण करतो तशी. मग म्हणाली, "हो. तो सुखी आहे."

तेवढं अभद्र टळलं म्हणून आईनं श्वास सोडला. आमची चूक झाली ती ही. दुसऱ्या दिवशी सकाळी कुणीतरी कँटोन्मेंटला जाऊन बाईंना खरं काय ते सांगू शकत होतं. कुणी गेलं नाही. इंग्रजीतच बोलली ना, ते काय खरं धरायचं, असं सगळ्यांनी मनाशी म्हटलं. शिकताना माणूस काहीही वाक्यं करतं. माझ्या भावानं तर विनोद केला की आपल्या वास्तुपुरुषाला इंग्रजी कुठं येतं?

मिसेस पॉल मात्र रोज विचारू लागल्या. आणि काकू रोज सांगू लागली.

आधी छोटी वाक्यं होती. आज तो लवकर उठला. आज त्याला ताक आवडलं. पुढं ती लांबत गेली. आमच्या सगळ्यांत काकूचं इंग्रजी लवकर सुधारलं. मराठीत तीन शब्दांवर थांबणारी बाई इंग्रजीत तासभर बोलायची, आणि तिचा आवाज वेगळा असायचा. खालच्या पट्टीतला, संथ. प्रत्येक उत्तराआधी मान तिरपी व्हायची, ऐकल्यासारखी. नंतर वाक्य यायचं. मी तिच्या शेजारी बसायची ती सरकून आईच्या पलीकडं बसू लागले. काकूच्या दुसऱ्या बाजूला सतरंजीवर जागा मोकळी असायची. तिथं कुणी बसत नव्हतं. तसं कुणी ठरवलं नव्हतं, पण बसत नव्हतं.

आणि काकू सुखी दिसत होती, हे लपवून काय करू? गालांवर रंग आला होता. दिवसा भांडी घासताना ती स्वतःशी गुणगुणायची. संध्याकाळ व्हायला लागली की पुन्हापुन्हा दाराकडं बघायची. आई एकदा सुंदराक्काला म्हणाली, "अक्का, बाईमाणूस असं कशानं फुलतं ते आपल्याला कळतंय. पण इथं ते आहे कुठं?"  सुंदराक्काचा राजा नावाचा कुत्रा अनोळखी माणूस आमच्या दारात आला की गल्ली डोक्यावर घ्यायचा. त्या दिवसांत तो संध्याकाळी आमच्या पायरीशी यायचा, उघड्या दारातून आत बघायचा आणि शेपटी हलवायचा. आम्ही सगळ्या खोलीत. तो बघायचा स्वयंपाकघराकडं.

एके संध्याकाळी काकू म्हणाली, तो म्हणतो, विहिरीवरची फळी कुजली आहे, मुलीला तिकडं पाठवू नका. मुलगी म्हणजे मी. मिसेस पॉल म्हणाल्या, शहाणा नवरा आहे तुझा. दुसऱ्या दिवशी बाबांनी फळीवर नुसता पाय दाबला आणि ती मधोमध मोडून पाण्यात गेली. घागर आपटावी तसा आवाज आला. आई म्हणाली, "रोज पाणी तीच काढते, तिला कळणारच. बोलाफुलाला गाठ पडली." बरोबरच आहे. मीही सगळ्यांना हेच सांगते. पण मग ती सकाळी, मराठीत, का बोलली नाही?

माझा मुलगा म्हणतो, आई, या सगळ्याला मानसशास्त्रात नाव आहे. असेल बाबा. नाव देऊन तुला बरं वाटत असेल तर दे. मीही कॉलेजात चार बुकं शिकले. माणूस परक्या भाषेत खोटं सहज बोलतं म्हणतात, आणि खरंही. आईची भाषा आपल्याला लहानपणापासून ओळखत असते, तिच्यासमोर लाज वाटते. परकी भाषा आपल्याला ओळखत नाही. काकूचं तसं झालं असेल. मंजुळाचंही तेच चाललंय बहुधा. एवढं समजूनही त्या मोकळ्या जागेची आठवण झाली की आज या वयात माझ्या अंगावर काटा येतो, त्याला काय करू?

मग धनुर्मास आला. पहाटेच्या पूजा, मिरी घातलेली गरम खिचडी, आणि धुकं असं की समोरच्या घरातली माणसं नुसती बोलताना ऐकू यायची. गल्लीत अवरेकाय सोलण्याचा वास सुरू झाला. एका संध्याकाळी बाईंनी काकूला विचारलं, आज काय विशेष? काकूनं मान तिरपी केली, हसली. म्हणाली, "आज त्यानं अवरेकाय आणली. पिशवी भरून."

आईच्या तोंडून "अगं बाई" निघालं. बाहेर जगलीवर अण्णांच्या काठीचा आवाज झाला. मी काकूच्या हातांकडं बघितलं. शेंगा सोलून सोलून नखांत बसतो तसा काळपट हिरवा डाग तिच्या दहाही बोटांना होता. घरात एक शेंग नव्हती. सुंदराक्काकडं बसून सोलल्या असतील म्हणून आईनं तिला नजरेनं विचारलं. सुंदराक्कानं हळूच मान हलवली. नाही.

त्या रात्री अण्णा जेवले नाहीत आणि सकाळी त्यांनी भटजींना बोलावलं.

माणूस परागंदा होऊन बारा वर्षं झाली, काहीच कळलं नाही, की तो गेला असं धरून त्याचं क्रियाकर्म करतात. देह नसतो, म्हणून दर्भाचा आणि पळसाच्या देठांचा माणूस करतात, डोक्याच्या जागी नारळ ठेवतात, आणि त्याला अग्नी देतात. बारा वर्षं त्याच महिन्यात भरत होती. अण्णा ते टाळत होते. आता ते हट्टाला पेटले. बाबांनी विचारलं, "अण्णा, घाई कशाला?" तर अण्णा म्हणाले, "तो जिवंत असेल तर देव मला क्षमा करील. पण तो गेला असेल, तर माझं पोर बारा वर्षं पाण्यावाचून फिरतंय. या घराभोवती फिरतंय. मी बाप आहे त्याचा. माझे डोळे मिटल्यावर त्याला कोण वाट दाखवणार?" हे बोलताना ते आमच्याकडं पाठ करून उभे राहिले. अण्णांना मी तसं कधी बघितलं नव्हतं. त्यांना निर्दय म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

पण याचा अर्थ काकूला काय, हेही प्रत्येकाला कळत होतं. अमावास्येला तो पुतळा जळाला, की तिचं कुंकू जाणार, गळा मोकळा होणार. दिवसाचा एक तास ती ज्या माणसाची बायको होती तो माणूस भटजींसमक्ष संपणार. अण्णांनी तिला समोर बोलावलं. "इंदू, तुझं काय म्हणणं?"

"मी काय म्हणणार, अण्णा? तुमची मर्जी."

"मनातलं सांग."

"तुमची मर्जी," ती पुन्हा म्हणाली आणि भांडी घासायला गेली. आई आत जाऊन रडली. मीही रडले. काकूच्या डोळ्यांत टिपूस नव्हतं.

त्या संध्याकाळी बाईंनी नेहमीसारखं विचारलं, नवरा सुखी आहे ना? काकूनं मान तिरपी केली. फार वेळ ऐकत राहिली. समईची ज्योत हलत होती. मग म्हणाली, "नाही. आज तो सुखी नाही."

"का ग?"

"त्याचे वडील त्याला घरातून घालवताहेत."

मिसेस पॉल म्हणाल्या, म्हातारी माणसं कडक असतात, तू दोघांची समजूत घाल. त्यांना आणखी काय कळणार? मी खिडकीकडं बघितलं. अण्णांचं डोकं गजांना टेकलेलं होतं. त्यांनी एकेक शब्द ऐकला होता. इंग्रजी कळणारा आमच्या घरात खरा माणूस तोच.

तरीही अण्णांनी माघार घेतली नाही. अमावास्येला सकाळी धुक्यातच पुरुषमंडळी गेली. तो दर्भाचा माणूस मी ओझरता बघितला. पांढऱ्या वस्त्रात गुंडाळलेला, अंगानं लहान, दहा-बारा वर्षांच्या पोराएवढा. अण्णांनी तो दोन्ही हातांवर घेतला होता. बाबा म्हणाले, "अण्णा, मी धरतो." अण्णांनी दिला नाही. थोड्याच पावलांवर धुक्यानं त्यांना गिळलं.

काकू त्या वेळी तांदूळ निवडत होती. ताट मांडीवर, बोटं चाललेली. किती वेळानं कोण जाणे, बोटं थांबली. ती उठली, आतल्या खोलीत गेली आणि बाहेर आली तेव्हा कपाळ पुसलेलं होतं, गळा मोकळा होता. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी तिला हात लावला नव्हता. आईला तिच्याकडं बघवेना. काकू पुन्हा बसली आणि उरलेले तांदूळ निवडू लागली.

दुपारी पुरुष परतले. अंघोळी झाल्या. ज्यानं क्रिया केली त्यानं एकदा जेवायचं असतं, म्हणून आईनं भात पिठलं केलं होतं. अण्णा पानावर बसले नाहीत. सकाळपासून पोटात पाण्याचा थेंब नाही, आणि वय काय होतं त्यांचं! बाबा विनवून थकले. भटजी सांगून गेले. अण्णा ओल्या पंच्यानिशी जगलीवर जाऊन बसले. त्यांचे ओठ पांढरे पडले होते. आई घाबरली. "यांनी असाच हट्ट धरला तर एकाला दोन होतील," असं ती बाबांना म्हणाली आणि मग स्वतःच जीभ चावली.

वर्ग नाही असा निरोप मिसेस पॉलना धाडायचं कुणाला सुचलंच नव्हतं. दिवेलागणीला जटका थांबला आणि बाई छत्री घेऊन आत आल्या. सुतकाचं घर, सतरंजी घातलेली नाही, पण समई होती. काकू कोपऱ्यात बसली होती. बाईंची नजर तिच्या कपाळावर गेली, मग गळ्यावर. त्यांनी आमच्या एकेकीच्या तोंडाकडं बघितलं.  आता लपवायचं काय राहिलं होतं? बाई जमिनीवरच टेकल्या. छत्री हातातच राहिली. त्या दिवशी त्यांनी प्रश्न विचारला नाही.

तेवढ्यात अण्णा आत आले. भिंतीला धरून, एकेक पाऊल टाकत. आजवर वर्गाच्या वेळी ते या खोलीत आले नव्हते. ते काकूसमोर बसले. त्या मोकळ्या जागेत नव्हे, समोर. घसा खाकरला. मी त्यांना सुनेशी इंग्रजीत बोलताना कधी ऐकलं नव्हतं. कचेरीतलं, जुन्या वळणाचं, प्रत्येक शब्द तोलून टाकलेलं इंग्रजी. त्या इंग्रजीत त्यांनी विचारलं, "तो माझ्यावर रागावला आहे का?"

बाहेर धुकं उतरत होतं. काकूनं मान तिरपी केली. ती ऐकत होती. आई, सुंदराक्का, बाई, मी, आम्ही सगळ्या कान देऊन ऐकत होतो, आणि मी शपथेवर सांगते, आम्हाला काही ऐकू आलं नाही.

"नाही," काकू इंग्रजीत म्हणाली. "रागावला नाही. तो विचारतोय, अण्णा जेवले का?"

अण्णांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं. त्यांचे खांदे हलत होते. बारा वर्षांचं सगळं त्या माणसानं तिथं, बायकांसमोर, रडून घेतलं. कुणी त्यांना थांबवलं नाही. मग त्यांनी पंच्यानं डोळे पुसले आणि आईला मराठीत म्हणाले, "पान वाढ."

आईनं पान मांडलं. गार झालेलं पिठलं, भात, वर तुपाची धार. अण्णा पहिला घास घेताना जरा थांबले, मग जेवू लागले. काकू दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. ती त्यांचा घास न् घास बघत होती. मग तिनं शेजारी मान वळवली, आणि आपल्या माणसाला सांगावं तसं हलक्या आवाजात इंग्रजीत म्हणाली, "हो. जेवताहेत."